पानागणिक मजुरी

लहान मुलांसाठी पुस्तक घ्यायचं असलं की मी ते आधी शेवटच्या पानावर उघडते. तिथे जाड ठशात 'तात्पर्य' दिसलं की पुस्तक मुकाट्याने फळीवर परत. मग मधलंच एखादं पान काढते, चष्मा कपाळावर सारते आणि हात लांब करून बघते. चष्म्याशिवाय मला जे लागतं ते दुसरीतल्या पोराला बोट ठेवून वाचता येतं, असा माझा ठोकताळा आहे. त्यानंतर चित्रं, त्यानंतर किंमत. लेखकाचं नाव सगळ्यात शेवटी. मेन रोडवरचा एक दुकानदार आता मला बघितलं की गठ्ठा उलटा करूनच पुढ्यात ठेवतो.

ही सवय नोकरीतली नव्हे. पहिली-दुसरीच्या वर्गावर माझी हयात गेली, पण तिथे निवडायचा प्रश्नच नसायचा. बालभारतीचं पुस्तक आलं की वर्षभर तेच. निवडायची वेळ आली ती निवृत्तीनंतर. करोनात बंद पडलेल्या शहरातल्या लहान मुलांच्या शाळा डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा भरू लागल्या, तेव्हा आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या गल्लीत दुसरीची अशी मुलं होती, ज्यांनी पहिलीचा वर्ग आतून बघितलेला नव्हता. मोबाइलवर बाई दिसायच्या, कधी दिसायच्या नाहीत. आईबाप अंबडच्या कंपन्यांमधून शिफ्ट करून येणारे. घरात मोबाइल एक आणि मुलं तीन. पुढे 'असर' या शैक्षणिक पाहणीचा २०२२ चा अहवाल आला. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं ४२.८ टक्के भरली. आमची गल्ली शहरात मोडते, पण ती टक्केवारी वाचताना मला चेहरे दिसत होते.

गल्लीच्या तोंडाशी गणेश मंडळाची खोली आहे. एका अंगाला ढोल-ताशे, मांडवाचे बांबू, जुन्या आराशीतला पुठ्ठ्याचा गड. दुसऱ्या अंगाला कोणीतरी दिलेलं लोखंडी कपाट. त्या कपाटात पुस्तकं ठेवायची आणि शनिवार-रविवार खोली उघडी ठेवायची, एवढंच ठरलं. मुलं ढोलाला पाठ टेकून वाचतात. एखादा रंगात आला की ढोलावर थाप पडते आणि बाकीचे 'गप रे' म्हणून त्याच्या दुप्पट ओरडतात. मला सगळे बाईच म्हणतात. खोलीत शिकवत मात्र मी काहीच नाही.

पुस्तकं हवीत असं सांगितल्यावर लोकांनी भरभरून दिली. मुलांनी काय वाचावं याबद्दल मोठ्यांच्या मनात काय असतं, ते त्या गठ्ठ्यांवरून कळलं. थोर पुरुषांची चरित्रं, इसापनीती, पुन्हा इसापनीती, सामान्यज्ञान, सुविचारसंग्रह, एक 'व्यक्तिमत्त्व विकास', आणि 'श्यामची आई'च्या कितीतरी प्रती.

'श्यामची आई'बद्दल नाशिककरांना जरा जास्तच जिव्हाळा असतो, आणि ते साहजिक आहे. साने गुरुजींनी ते पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये इथल्याच तुरुंगात लिहिलं. दोन वर्षांनी ते छापून आलं. मी ते संध्याकाळी मुलांना मोठ्याने वाचून दाखवते आणि मुलं ऐकतात, अगदी टक लावून ऐकतात. पण नुकतं अक्षर जुळवायला लागलेल्या पोराच्या हातात ते दिलं, तर पहिल्या पानाच्या मध्यावर त्याचं बोट थांबतं. वाक्यं लांब, टाइप बारीक, आणि सुखदुःखाची गंमत कळायला आधी पुष्कळ वाचावं लागतं. ऐकायचं पुस्तक वेगळं आणि स्वतः वाचायचं पुस्तक वेगळं. माझ्या कपाटात आता त्यांचे कप्पेच निराळे आहेत. वरच्या कप्प्यातलं मी वाचणार, खालच्यातलं तुम्ही. वरच्या कप्प्यात 'तोत्तोचान' आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, आणि तिथलं पुस्तक कुणी हट्टाने उचललंच तर मी अडवत नाही.

खालच्या कप्प्यासाठी मी जी कसोटी लावते ती सांगते. नवं वाचणारं मूल मजुरी करत असतं. आपल्याला वाचणं म्हणजे बसल्या जागी मिळणारी गोष्ट वाटते; त्याला एकेक अक्षर उचलून लावावं लागतं. अशा मजुराला 'महिनाअखेर पगार' सांगून चालत नाही, त्याचा पैसा रोजच्या रोज हातावर पडला पाहिजे. पान वाचून संपलं की त्याच पानावर त्याला काहीतरी मिळालं पाहिजे: हसू, धक्का, नाहीतर 'आता काय होणार' ही हुरहुर. शेवटच्या पानावरचं तात्पर्य म्हणजे बुडवलेली मजुरी, कारण तिथवर पोचतंय कोण?

आणि कष्ट तरी केवढे असतात. 'कि' वाचताना वेलांटी आधी दिसते, पण उच्चार तिचा नंतर. 'सूर्य' या शब्दात र आधी ऐकू येतो, पण तो जाऊन बसलाय य च्या डोक्यावर. 'चंद्र' मध्ये तोच र पायाशी. एक शब्द लावेपर्यंत मागचा विसरतो, ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात विसरते. म्हणून ओळ आखूड हवी. शब्द मध्येच तोडून खालच्या ओळीवर नेलेला नको. गर्द रंगाच्या चित्रावर पांढरी अक्षरं नकोत. छापणाऱ्याला ते देखणं वाटतं, पोराचा जीव जातो.

एका गोष्टीची मात्र कुणी दखल घेताना दिसत नाही. वर्गात आम्ही मराठी वळणाचा ल आणि श शिकवतो. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात वर्णमालेचं वळण ठरवूनही दिलंय. पण दिल्लीहून छापून येणाऱ्या काही मराठी पुस्तकांत आणि बहुतेक मोबाइलवर ल दिसतो तो हिंदी वळणाचा, उजवीकडे उभी दांडी असलेला. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याच्या मुलीने 'लाल' हा शब्द 'नान' असा वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, 'बाई, नान म्हणजे हॉटेलातलं?' तिचं काही चुकलं नव्हतं. मोठ्यांच्या नजरेला हा फरक जाणवतही नाही. तेव्हापासून मधलं पान काढलं की आधी मी ल शोधते.

आता याच्या उलट. सोपं म्हणजे जोडाक्षरं नसलेलं, हा समज मीही वर्गावर असताना बाळगून होते, सगळेच बाळगतात. 'कमल नमन कर' छाप वाक्यं त्यातूनच जन्माला आली. पण नाशिकच्या पोराला सिटीलिंकच्या बसवरची 'त्र्यंबकेश्वर' ही पाटी कमळाच्या आधी वाचता येते. त्र्यं या अक्षराची फोड करायला सांगितली तर बारावीतला गडबडेल, पण मामाच्या गावाला जाणारी बस कुठली ते दुसरीतल्याला पक्कं ठाऊक. 'द्राक्ष' तसंच. आमच्या इथे एक मुलगी फक्त डायनोसॉरचं जाडं पुस्तक उचलायची. त्यातलं ती काय वाचते म्हणून मी जवळ जाऊन बसले, तर ती मजकुराला हातच लावत नव्हती, नुसती चित्राखालची नावं वाचत होती. 'टायरॅनोसॉरस' एका दमात. त्याच आठवड्यात शाळेच्या पुस्तकातल्या 'प्रार्थना' शब्दावर ती अडून बसली होती. हवंय ते कितीही अवघड असलं तरी मुलं फोडतात. नकोय ते सोपं करून दिलं तरी तोंड फिरवतात. त्यामुळे पानावरची जोडाक्षरं मोजणं मी सोडून दिलं.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आली आणि माझं काम निम्मं झालं. 'राधाचं घर' या संचात घरातल्या माणसांबद्दलची छोटी छोटी पुस्तकं आहेत. चित्रंही त्यांचीच, त्यामुळे चित्र एक सांगतंय आणि मजकूर दुसरंच, असं होत नाही. माणसं जशी बोलतात तशी वाक्यं. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण मला त्यांचं मोठेपण कळलं ते पुस्तकांच्या कडा बघून. कपाटातली बाकीची पुस्तकं वर्षभर कोरी राहतात, यांच्या कोपऱ्यांना कान पडतात आणि मधल्या पानांवर तेलाचे डाग येतात.

त्यांचंच 'बाबांच्या मिशा' हे प्रथम बुक्सने काढलेलं पुस्तक. गल्लीतला एक मुलगा तेव्हा तिसरीत होता. कुठलंही पुस्तक दिलं की दोन मिनिटांत 'वाचलं' म्हणून परत आणायचा. त्याने हे उचललं ते केवळ मुखपृष्ठ बघून, कारण त्याच्या वडिलांच्या मिशा गल्लीत प्रसिद्ध आहेत. घरी नेलं. दुसऱ्या रविवारी आणलं नाही, तिसऱ्यालाही नाही. मग त्याची आई आली. चार घरची कामं आटपून आली होती, हातात पिशवी तशीच.

'बाई, त्याला अभ्यासाचं काहीतरी द्या की. हे नुसतं हसायचंच आहे.'

'वाचतो का पण?'

'वाचतो म्हणजे? बापाला दाढी करू देईना. आरशासमोर उभा राहून वाचतो. त्यांनी कात्री घेतली की हा ओरडतो.'

'मग अजून काय पाहिजे, ताई?'

तिला ते पटलं नाही. 'बाकीची पोरं तीसपर्यंत पाढे म्हणतात,' म्हणाली. मी तिच्याबरोबर एक पाढ्यांचं पुस्तकही दिलं, वाद कशाला. पण तिचं म्हणणं मी डोक्यातून काढून टाकू शकले नाही, कारण गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घराचं ते म्हणणं आहे. ज्या घरात पुस्तकावर पैसे टाकायचे म्हणजे दुसरीकडून काढायचे असतात, तिथे 'उपयोग काय' हा प्रश्न येणारच. हसण्यासाठी पुस्तक ही चैन वाटते. मी त्यांना एवढंच सांगते, की पोरगं एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत असेल तर वाचू द्या. पहिल्यांदा ते अक्षरं लावतं, नंतर शब्द ओळखीचे होतात, आणि मग कधीतरी आवाजात चढउतार येतो. तो चढउतार आला की समजावं, वाचता यायला लागलं. नुसत्या धड्यावर तो येत नाही. धडा दुसऱ्यांदा कोण आनंदाने वाचतं?

प्रथमच्या पुस्तकांचा मोठा आधार आहे हे खरं. दोन-तीन वडापावांच्या पैशांत पुस्तक मिळतं, घडीची गोष्टीची कार्डं त्याहून स्वस्त. मलपृष्ठावर वाचनाची पातळी दिलेली असते, एक ते चार. २०१५ पासून त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्टी फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. पण पातळीच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नये. गोष्ट मूळ दुसऱ्या भाषेत लिहिलेली असते, तिथे ती पहिल्या पातळीची असते. मराठीत येताना वाक्य लांबतं, एखादं 'आश्चर्यचकित' घुसतं आणि पातळी मात्र तीच राहते. म्हणून मी अनुवाद मोठ्याने वाचून बघते. आपल्या तोंडात बसला नाही तर पोराच्याही बसणार नाही.

तोंडावरून आठवलं. आमच्याकडे निम्मी घरं धुळे-जळगावकडची आणि बागलाणातली. मुलं घरी अहिराणी बोलतात आणि शाळेत गप्प बसतात. सरड्या-पालींच्या गोष्टीचं एक पुस्तक पाचसहा वर्षांच्या एका मुलाने चित्रं बघत बघत धाकट्या बहिणीला सांगितलं, 'अन् मंग त्यानी शेपटी तुटी गयी!' पानावर छापलेलं वाक्य वेगळं होतं. त्याला ते अजून वाचताही येत नव्हतं. पण गोष्ट त्याने नेमकी पकडली होती. अशा वेळी 'तुटली म्हण' असं दुरुस्त करायला माझी जीभ शिवशिवते, शिक्षकाची जात जाते कुठे. मी पाणी प्यायला बाहेर जाते. चित्र बोलकं असलेलं पुस्तक अशा मुलांना सगळ्यात जास्त कामी येतं. आधी घरच्या भाषेत गोष्ट मुठीत येते, मग तिच्या जोरावर छापलेला शब्द ओळखता येतो. त्यामुळे फक्त चित्रांची पुस्तकंही मी घेते. 'यात वाचायला काहीच नाही' अशी तक्रार मोठी माणसं करतात, मुलांनी अजून केलेली नाही.

कवितेचं जरा वेगळं आहे. यमक असलं की पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज मूल बांधतं, आणि अंदाज बरोबर निघाला की त्याला कोण आनंद. विंदा करंदीकरांचा 'एटू लोकांचा देश' आमच्याकडे दोघं-तिघं मिळून वाचतात. एक अडला की दुसरा यमकावरून पुढे नेतो. शिवाय पानावर मोकळी जागा भरपूर, ओळी आखूड. कुसुमाग्रजांनीही मुलांसाठी लिहिलंय, हे मात्र त्यांच्याच गावात कमी लोकांना माहीत असतं. 'जाईचा कुंज' हा त्यांचा मुलांच्या कवितांचा संग्रह १९३६ चा, म्हणजे 'विशाखा'च्याही आधीचा. दर २७ फेब्रुवारीला, त्यांच्या जयंतीला, शाळाशाळांतून पोरांना पाठ करायला लावतात त्या मोठ्यांच्या कविता. असो.

इंग्रजी शाळेत जाणारी मुलं हा आणखी निराळा पेच. कॉलेज रोडकडची एक आजी आपल्या पाचवीतल्या नातवाला घेऊन आली. मराठी अस्खलित बोलतो, वाचायला मात्र पहिलीतल्याइतकंच येतं. त्याच्यापुढे राधाचं घर ठेवलं तर तो म्हणाला, 'हे बेबी लोकांचं आहे.' बरोबरच होतं त्याचं. डोकं अकरा वर्षांचं आणि अक्षर सहा वर्षांचं, अशा मुलाला द्यायचं काय? मला 'चिंटू' सापडला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाली, तिचे संग्रह निघालेत. तीन-चार चौकटी, चौकटीत पाचसात शब्द, आणि शेवटी हशा. एवढ्याशा कष्टात लगेच दाम. त्यात ते बोलण्यातलं मराठी, जे त्याला आधीपासून येतच होतं. आजीबाईंना वाटत होतं मी काही तरी भारदस्त देईन. 'चित्रांचं काय वाचायचं,' म्हणाल्या. नातू तोवर दुसऱ्या पानावर गेला होता. पुढे पुढे तो वर्तमानपत्रातला खेळांचा मजकूर वाचू लागला, धावसंख्या आधीच ठाऊक असल्यामुळे. ते मी दिलं नव्हतं, त्याने स्वतः शोधलं.

एवढी पुस्तकं आणायची कुठून, असं लोक विचारतात. विकत घ्यायलाच हवीत असं नाही. नाशिकला सार्वजनिक वाचनालय आहे १८४० पासून. टिळक पथावर जाता-येता दिसतं, त्याचं मुलांचं बालभवन आहे. अडचण एवढीच की सिडकोतून लहान मूल एकटं तिकडे जाऊ शकत नाही, आणि आईबापांना कामाच्या दिवशी सवड नाही. म्हणून मला कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची कल्पना फार आवडते. विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ती सुरू केली. पुस्तकांची पेटी वाचकांच्या घराजवळ येते, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. पेट्या नाशिकहून निघून दुबईपर्यंत गेल्या, आणि मुलांसाठीही निघाल्या. पेटीत पुस्तकं मोजकीच असतात, हे मुलांच्या दृष्टीने उलट बरं. शंभर पुस्तकांपुढे उभं केलं तर नवं मूल बावरतं. पंधरावीस जमिनीवर मांडली की बसकण मारून एकेक उलटतं. आम्हीही तेच करतो. कपाट बंद, सतरंजीवर मोजकी पुस्तकं, मुखपृष्ठं वर करून. फळीत उभी लावली की मुलांना नुसते कणे दिसतात, आणि कण्यावरची अक्षरं आडवी असतात. अक्षर सरळ असताना वाचायची मारामार, आडवं कोण वाचणार?

सतरंजीवरून काय उचलायचं ते ज्याचं त्याने. इथे मी अजिबात बोलत नाही. भाऊ बहिणीला सांगायला लागला, 'तुला ते नाही येणार,' तर त्याला मात्र गप्प करते. मोठं पुस्तक उचललेलं मूल दोन पानं चाळून आपोआप खाली ठेवतं; पण 'तुला येणार नाही' हे एकदा ऐकलं की ते सतरंजीकडे फिरकतच नाही.

बालभारतीचं 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालं. त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट मिळतात. आठ-नऊच्या पुढच्या, बऱ्यापैकी वाचणाऱ्या मुलांना ते ठीक. आणि माझी खरी अडचण सुरू होते ती याच वळणावर. चित्रांची पुस्तकं संपली, फास्टर फेणे अजून झेपत नाही, अशी मुलं माझ्याकडे सगळ्यात जास्त आहेत. त्यांना हवं असतं चाळीस-पन्नास पानांचं, मोठ्या टाइपाचं, पानाआड चित्र असलेलं, ज्यात एकच गोष्ट पुढे पुढे सरकत जाते. अशी पुस्तकं मराठीत हातावर मोजण्याइतकी. प्रदर्शनात प्रकाशकांना विचारलं की ते म्हणतात, 'बाई, खप नाही.' आईबाप या वयात पैसे घालतात ते व्यवसायमालांवर आणि स्कॉलरशिपच्या पुस्तकांवर, हे तेही जाणतात. मग ही मुलं एक तर पुन्हा चित्रांच्या पुस्तकांकडे जातात, नाहीतर मोबाइलकडे. मुलांचं वाचन सुटलं असं आपण म्हणतो, त्यातली बरीचशी मुलं याच फटीत पडलेली असतात, असं माझं मत आहे.

त्यातून त्यांची फर्माईश ठरलेली: 'बाई, भुताचं आहे का?' भुताचं माझ्याकडे नव्हतं. म्हणजे होतं, पण शेवटी ते भूत नसून पांढरं धोतर निघायचं, आणि मुलांना तो शुद्ध विश्वासघात वाटायचा. शेवटी त्यांच्याच तोंडून पांडवलेण्यातल्या भुताची गोष्ट ऐकली, ते सांगतील तशी मोठ्या अक्षरात लिहून काढली, दर पानाच्या शेवटी काहीतरी घडलंच पाहिजे ही अट तेवढी माझी. चित्रं मिशीवाल्या बाबांच्या मुलाने काढली. झेरॉक्स काढून पिना मारल्या आणि सतरंजीवर टाकलं. आता त्याच्या प्रती पुरत नाहीत. भूत पुरेसं भयानक नाही अशी सार्वत्रिक तक्रार आहे, त्यामुळे येत्या रविवारी चौथं पान बदलायचं ठरलंय.